वाचकांचे प्रश्न : मोटारीची बॅटरी बदलताना

या वेळी आलेली बहुतेक पत्रे सांगली जिल्ह्यातील असून जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच आहे : गाडीबरोबर आलेली बॅटरी संपल्यावर बाजारातून दुसऱ्या कंपनीची बॅटरी घ्यावी का, घ्यायची तर कोणती आणि ती बसवताना काय सांभाळावे. पत्रे वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. बहुतेक वाचकांनी बॅटरीची कंपनी आणि किंमत यांविषयी सविस्तर विचारले आहे; पण जुनी बॅटरी खरोखर संपली आहे का, हे कोणी मोजून पाहिल्याचा उल्लेख एकाही पत्रात नाही. म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेली पेट्रोलवरची छोटी मोटार आहे. तिची मूळ ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आजवर उत्तम चालली; पण काही दिवसांपासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरते आणि शेजाऱ्यांना बोलावून गाडी ढकलावी लागते. सांगली-मिरज रस्त्यावरील एका दुकानदारांनी दुसऱ्या कंपनीची ४५ अँपिअर-तासांची बॅटरी सुचवली आहे. मोठी बॅटरी जास्त टिकते, असे ते म्हणतात. ती घ्यावी का? तिच्यामुळे गाडीच्या वायरिंगला किंवा डायनामोला धोका आहे का? आणि ती मी घरी बसवू शकेन का?
— एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दुसऱ्या कंपनीची बॅटरी बसवण्यात गैर काही नाही. मोटारीच्या कंपन्याही सहसा बॅटरी-उत्पादकांकडून बॅटऱ्या विकत घेऊनच गाडीत बसवतात, आणि आपली गाडी सहा वर्षांची असल्यामुळे गाडीच्या मूळ हमीचा प्रश्नही बहुधा उरलेला नाही. सहा वर्षे चाललेली बॅटरी संपली असण्याची शक्यता मोठी आहे, हेही खरे. तरीही दुकानात जाण्याआधी एक साधा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारे छोटे यंत्र, मिळवून तीन मोजमापे घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. कारण इंजिन जड फिरण्याची मुख्य कारणे तीन असतात. बॅटरी थकलेली असते, किंवा तिला पुरेसे चार्जिंग मिळत नसते, किंवा बॅटरीतली वीज सैल अथवा गंजलेल्या जोडणीमुळे स्टार्टरपर्यंत नीट पोहोचत नसते. नवी बॅटरी यातल्या पहिल्या कारणावरच उपाय आहे.

पहिले मोजमाप गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी काहीही चालू करण्याआधी घ्यावे. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ व्होल्टला ती साधारण तीन चतुर्थांश, १२.२ व्होल्टला निम्मी, तर १२ व्होल्टच्या खाली जवळजवळ रिकामी असते. दुसरे मोजमाप दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगून घ्यावे. भरलेली बॅटरी असूनही त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरीतली ताकद गेली असे समजावे. तिसरे मोजमाप इंजिन चालू असताना घ्यावे. तेव्हा टर्मिनलांवर, म्हणजे बॅटरीच्या दोन खांबांवर, १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तो १३ च्या आसपासच रेंगाळत असेल, तर दोष डायनामोत, त्याच्या पट्ट्यात किंवा जोडण्यांत आहे, आणि तसाच ठेवला तर नवी बॅटरीही लवकरच उपाशी राहील. तो १५ च्या वर जाऊन तिथेच टिकत असेल, तर चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडलेला आहे आणि नवी बॅटरी लवकर खराब होईल. अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंगचे व्होल्टेज संगणक स्वतः कमीजास्त करतो, त्यामुळे अशा गाडीत एका आकड्यावरून निर्णय न घेता काही मिनिटे निरीक्षण करावे.

आता ४५ अँपिअर-तासांविषयी. अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत किती वीज साठते याचे माप. मोठ्या बॅटरीमुळे वायरिंग जळते किंवा डायनामोवर ताण येऊन तो बिघडतो, ही समजूत चुकीची आहे. छोटे पेट्रोल इंजिन फिरवायला स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो खरा, पण तेवढा एक-दोन सेकंदच. म्हणजे एका वेळच्या सेल्फला एक दशांश अँपिअर-तासही खर्च होत नाही, आणि बॅटरी ३५ ची असो वा ४५ ची, डायनामोला भरून द्यावी लागते ती एवढीच खर्च झालेली वीज. उलट, मोठी बॅटरी आपोआप जास्त टिकते हेही खरे नाही. बॅटरीचे आयुष्य मुख्यतः उष्णतेवर, ती किती वेळा पूर्ण उतरते यावर आणि हादऱ्यांवर ठरते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या घरात जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. अनेक गाड्यांत बॅटरीभोवती उष्णतेपासून बचाव करणारे आवरण असते. दुकानात जुनी बॅटरी काढताना ते बाजूला पडते आणि तिथेच राहून जाते. ते मागून घ्यावे आणि परत बसवून घ्यावे. दहा अँपिअर-तास वाढवण्यापेक्षा आपल्या भागात त्या आवरणाचा उपयोग अधिक आहे, असे माझे मत आहे.

खरी अडचण आकाराची आहे. जुन्या बॅटरीवर ३८ बी २० एल किंवा तत्सम खूण छापलेली असेल. ही जपानी पद्धतीची खूण आहे. तिच्यातला पहिला आकडा बॅटरीच्या कामगिरीचा दर्जा सांगतो, बी हे अक्षर रुंदी आणि उंचीचा वर्ग सांगते, २० हा आकडा सेंटीमीटरमधली साधारण लांबी सांगतो आणि शेवटचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगते. दोन्ही टर्मिनले आपल्या जवळच्या कडेला येतील अशी बॅटरी समोर ठेवल्यावर धन टर्मिनल उजवीकडे असेल तर ती एल आणि डावीकडे असेल तर आर. दुकानदारांनी सुचवलेली ४५ ची बॅटरी बहुधा बी २४ या मापाची असेल. ती आपल्या बॅटरीपेक्षा सुमारे चार सेंटीमीटर जास्त लांब असते, आणि आपल्या गाडीचा ट्रे तेवढा नसेल तर ती तिरकी बसते किंवा दाबपट्टीविना ठेवली जाते. युरोपीय मापाच्या, म्हणजे डिन या खुणेने सुरू होणाऱ्या बॅटऱ्या उंचीला कमी असतात आणि त्यांना तळाच्या कडेला धरून ठेवण्याची सोय असते. जपानी मापाच्या गाडीतली वरून दाबणारी पट्टी त्यांच्यावर नीट बसत नाही. उलट, डिन मापाच्या जागी उंच बॅटरी बसवली तर बॉनेट लावताना धन टर्मिनल पत्र्याला टेकण्याचा संभव असतो, आणि तिथून आग लागू शकते. म्हणून ट्रेची लांबी-रुंदी आणि बॉनेटपर्यंतची उंची मोजून, जुन्या बॅटरीवरच्या खुणेशी जुळणारीच बॅटरी घ्यावी. आपल्यासाठी तीच ३५ ची पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांतून मल्टीमीटर येईल आणि तो पुढेही उपयोगी पडेल.

टर्मिनलांच्या जाडीकडेही लक्ष द्यावे. जपानी मापाच्या छोट्या बॅटऱ्यांचे खांब बारीक आणि डिन बॅटऱ्यांचे जाड असतात. कोणत्याही बॅटरीत धन खांब ऋण खांबापेक्षा किंचित जाड असतो. त्यामुळे तारांच्या टोकांचे क्लॅम्प अदलाबदल करून बसवायला गेल्यास एक सैल होतो आणि दुसरा बसतच नाही, आणि हीच चूक लक्षात येण्याची शेवटची संधी असते. बारीक खांबावर जाड क्लॅम्प बसवताना मधे तारेचे तुकडे किंवा पत्रा कोंबण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. अशी जोडणी तापते, ढिली होते आणि महिन्याभरात गाडी पुन्हा जड फिरू लागते. शिशाची तयार बाही मिळते, ती वापरावी. जाड खांबावर क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवू देऊ नये, कारण त्या ठोक्याने खांबाच्या मुळाशी भेग पडून ॲसिड झिरपू लागते.

बॅटरी घेताना निर्मितीचा महिना विचारावा. शिसे-आम्ल बॅटरी फळीवर पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमून तिची क्षमता कायमची घटते. तीन महिन्यांच्या आतली मिळाल्यास उत्तम. दुकानातच मीटर लावून १२.५ व्होल्टपेक्षा कमी दाखवत असेल, तर दुसरी मागावी. हमीचे कागद वाचून घ्यावेत. साठ महिन्यांची हमी असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी त्यात पहिल्या काही महिन्यांत बॅटरी विनामूल्य बदलून मिळते आणि उरलेल्या काळात नव्या बॅटरीवर केवळ सवलत मिळते, अशी विभागणी सहसा असते. ही सवलत छापील किमतीवर मोजली जाते आणि दुकानात बॅटरी छापील किमतीपेक्षा कमी दरात मिळत असल्यामुळे प्रत्यक्ष फायदा कागदावर दिसतो तेवढा नसतो. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना विनामूल्य बदलीचे महिनेच पाहावेत. बॅटरीचा अनुक्रमांक बिलावर आणि हमीपत्रावर लिहून घ्यावा.

घरी बसवणे अवघड नाही, पण क्रम पाळला पाहिजे. चावी काढून खिशात ठेवावी आणि एक काच उघडी ठेवावी, म्हणजे दारे आपोआप बंद झाली तरी अडचण होणार नाही. हातातल्या अंगठ्या, कडे, घड्याळ काढून ठेवावे. बहुतेक छोट्या गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. आधी ऋण टर्मिनल सोडवून त्याची तार बाजूला कापडात गुंडाळून ठेवावी, मग धन टर्मिनल सोडवावे. याचे कारण असे की गाडीचा संपूर्ण सांगाडा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो. ऋण तार जोडलेली असताना धन टर्मिनलचा नट सोडवायला गेलात आणि पान्याचे दुसरे टोक पत्र्याला लागले, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या पान्यातून वाहतो. ऋण तार आधी काढली की ही शक्यताच राहत नाही. नवी बसवताना याच्या उलट, म्हणजे आधी धन आणि शेवटी ऋण.

जुनी बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते. ती उभीच उचलावी, आडवी करू नये. ट्रेमध्ये पांढरी-हिरवी पूड जमली असेल, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने ट्रे आणि क्लॅम्प धुवावेत, स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावेत आणि क्लॅम्पचा आतला भाग खरकागदाने चकचकीत करावा. नवी बॅटरी ठेवल्यावर दाबपट्टी आवळून मगच तारा जोडाव्यात. पट्टी आवळणे ही नुसती औपचारिकता नव्हे. ऊसवाहतुकीच्या हंगामात आपल्याकडील रस्त्यांची काय अवस्था होते, हे सांगायला नको. सैल बॅटरी त्या हादऱ्यांनी आतून झिजते, पट्ट्यांवरचा लेप गळून तळाशी साचतो आणि एखादा सेल मरतो. क्लॅम्प हाताने हलणार नाही इतके घट्ट करावेत. शिसे मऊ असते, त्यामुळे अतिजोर लावू नये. शेवटी टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. ॲसिड अंगावर उडालेच, तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास बराच वेळ पाण्याची धार धरून लगेच डॉक्टरांकडे जावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे हे काम चालू असताना जवळपास विडी, सिगारेट, निरांजन काहीही नसावे. नवीन गाडीची पूजाही आपण बॉनेट उघडून करतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीला दोन महिन्यांपूर्वी ६० अँपिअर-तासांची नवी बॅटरी बसवली. रोज गाडी काढली तर अडचण येत नाही. पण द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत चार दिवस शेडमध्ये उभी राहिली की बॅटरी पूर्ण बसते. दुकानदार म्हणतात गाडीत दोष आहे, मेकॅनिक म्हणतो बॅटरी खराब आहे. मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढून पाहिले. गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला आहे असे तो सांगतो.
— एक द्राक्षबागायतदार, तासगाव

उत्तर : सर्वप्रथम, चालू इंजिनावर टर्मिनल काढून डायनामो तपासण्याची ती पद्धत पुन्हा करू देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की डायनामोचे व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते. पूर्वीच्या साध्या गाड्यांत ते खपून जाई. आजच्या गाडीत त्या एका क्षणात इंजिनाचा संगणक जळू शकतो. जे काम मल्टीमीटरने अर्ध्या मिनिटात होते, त्यासाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही.

दुकानदारांचे म्हणणे मला अधिक पटते. हिशेब असा आहे. गाडी बंद असतानाही घड्याळ, कुलूप, इंजिनाचा संगणक यांना थोडी वीज लागते आणि ती सहसा २० ते ५० मिलिअँपिअर असते. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे चार दिवसांत पाच अँपिअर-तासही नाही. भरलेली ६० ची बॅटरी चार दिवसांत बसायची, तर अर्ध्या अँपिअरच्या आसपास गळती हवी. दिवसाला १२ अँपिअर-तास याप्रमाणे चार दिवसांत ४८ अँपिअर-तास जातात. गाडीला जागेचा माग सांगणारे यंत्र, डॅशबोर्डवरचा कॅमेरा, नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, सीटखालचे दिवे किंवा कायम जोडलेला मोबाइल चार्जर यांपैकी काय काय आहे, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. अशी बाहेरून बसवलेली उपकरणे चावीबरोबर बंद होणाऱ्या तारेला न जोडता थेट बॅटरीला जोडली गेली असतील, तर माझा पहिला संशय त्यांच्यावर आहे.

शोधण्याची रीत अशी. आधी बॅटरी संथ चार्जरवर, क्षमतेच्या एक दशांश म्हणजे ६ अँपिअरच्या आसपास प्रवाहाने, पूर्ण भरून घ्यावी. अर्धवट बॅटरीवर केलेली तपासणी फसवी ठरते. नंतर गाडी बंद करून, बॉनेट उघडे ठेवून, दारे लावून घ्यावीत. ऋण तार सोडवून ती तार आणि ऋण खांब यांच्यामध्ये १० अँपिअरपर्यंत मोजण्याच्या टप्प्यावर ठेवलेला मीटर जोडावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, चावीही फिरवायची नाही. नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण तार सोडून पुन्हा जोडल्यामुळे गाडीतले संगणक जागे होतात. अर्धा तास वाट पाहावी. त्यानंतरही आकडा अर्ध्या अँपिअरच्या जवळ असेल, तर फ्यूजपेटीतला एकेक फ्यूज काढून परत लावत जावे; जो काढताच आकडा एकदम खाली येतो, त्या वाटेवर गळती आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर डायनामोकडे वळावे. त्याच्या आतला एखादा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, खराब झाला की इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनामोमधून उलटी वाहत राहते, आणि अशा डायनामोचे चार्जिंग वरवर ठीक दिसू शकते. आपल्या मेकॅनिकची तपासणी या दोषासाठी निरुपयोगी होती, ती या कारणाने.

गळती सापडेपर्यंत गाडी उभी ठेवताना ऋण तार सोडून ठेवा. प्रत्येक वेळी पूर्ण बसल्यावर बॅटरी थोडी थोडी कायमची दुबळी होते, आणि हमी उत्पादनातील दोषासाठी असते, उतरलेल्या बॅटरीसाठी नव्हे. दुकानदार तिला आधी चार्ज करतील, मग भार देऊन तपासतील, आणि ती ठीक निघाली तर परत आणून देतील. त्यात त्यांचे काही चुकत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय आहे. मूळ बॅटरीच्या निम्म्या किमतीत त्याच मापाची साधी बॅटरी मिळते आहे. ती चालेल का?
— एक परिचारिका, मिरज

उत्तर : गाडी सुरू होईल, पण ती घेऊ नये. अशा गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते आणि तसे तिच्यावर छापलेले असते. ईएफबी म्हणजे वारंवार वापर सोसण्यासाठी मजबूत केलेली द्रव-आम्लाची बॅटरी. एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. मिरजेच्या गर्दीत एका फेरीत इंजिन अनेकदा बंद-चालू होते, आणि इंजिन बंद असताना पंखा, दिवे, गाणी हे सगळे बॅटरीवर चालते. शिवाय काही गाड्यांत ब्रेक लावताना मिळणारी वीज साठवता यावी म्हणून बॅटरी मुद्दाम पूर्ण भरली जात नाही. साध्या बॅटरीला अर्धवट भरलेल्या स्थितीत राहणे सोसत नाही. नियम सोपा आहे : ईएफबीच्या जागी ईएफबी किंवा एजीएम, आणि एजीएमच्या जागी एजीएमच.

आपल्या गाडीत ऋण क्लॅम्पवर बहुधा एक छोटी डबी दिसेल. तो बॅटरीत किती वीज आली-गेली हे मोजणारा संवेदक आहे. क्लॅम्प निघत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरने त्याला उचकटू देऊ नका, तो महागडा असतो. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत, नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते. आपल्या गाडीला ती लागते का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे आणि लागत असेल तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच बॅटरी बदलावी. कधी दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करण्याची वेळ आलीच, तर काळ्या केबलचा चिमटा ऋण खांबावर न लावता इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या उघड्या धातूवर लावावा, म्हणजे ती वीजही संवेदकाच्या हिशेबात येते आणि ठिणगी बॅटरीपासून दूर पडते.

प्रश्न : कृष्णेचे पाणी वाढले की आमच्या गल्लीत गाड्या बुडतात. पाणी ओसरल्यावर बॅटरी वाळवून पुन्हा वापरता येते का, की नवीच घ्यावी?
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न सांगलीत अनेक घरांना पडलेला असणार. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते का हे पाहण्यासाठी चावी मुळीच फिरवू नका. इंजिनात पाणी शिरलेले असताना ते फिरवले तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या खर्चापुढे बॅटरीची किंमत काहीच नाही. पाणी येण्याचा इशारा मिळताच गाडी उंचावर नेणे शक्य नसेल, तर निदान ऋण तार सोडून ठेवावी. त्यामुळे बुडालेल्या वायरिंगमधील जोडण्या विजेमुळे झपाट्याने गंजणे टळते. पाणी ओसरल्यावर हात लावण्याआधी छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे.

बॅटरीपुरते बोलायचे, तर ती पाण्यात गेली म्हणून संपली असे नाही. बारा व्होल्टला गोडे पाणी फारसे वाहक नसते, त्यामुळे ती हळूहळू उतरते. पण वायू बाहेर जाण्याच्या छिद्रांतून पुराचा गाळ सेलमध्ये शिरला असेल, तर ती बॅटरी कामातून गेली. वर टोप्या असलेली बॅटरी टोप्यांच्या वरपर्यंत बुडाली असेल तर बदलावी. पूर्ण बंदिस्त बॅटरी बाहेर काढून, स्वच्छ धुऊन, कोरडी करून, दुकानात चार्ज आणि भार-तपासणी करून घ्यावी. तपासणीत ती ठीक निघाली तर वापरावी. नव्या बॅटरीवर खर्च करण्याआधी बाकीच्या गाडीचे काय होणार हे ठरू द्यावे.

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या मोटारीलाही बारा व्होल्टची वेगळी बॅटरी असते, हे खरे का?
— एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : होय. दिवे, कुलपे, संगणक आणि मुख्य बॅटरी जोडणारे स्विच यांना बारा व्होल्टचाच पुरवठा लागतो, आणि तो देणारी लहान बॅटरी मुख्य बॅटरीवरून भरली जाते. ती उतरली तर मुख्य बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. ती बदलताना गाडी पूर्ण बंद केल्याची खात्री करावी आणि नारिंगी आवरणाच्या तारांना हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या असतात. हे काम मी घरी करण्याचा सल्ला देणार नाही.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून माझ्या गाडीची काच एका दाबात वर जात नाही आणि इंजिन उभ्या गाडीत थोडे कमीजास्त होते. बसवताना चूक झाली का?
— एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : बहुधा नाही. वीज तुटल्यावर गाडी काही नोंदी विसरते. काचेचे बटण वर दाबून काच पूर्ण बंद झाल्यावरही दोन-तीन सेकंद दाबून ठेवा. बहुतेक गाड्यांत एवढ्याने काम होते. इंजिनाचा फेर काही दिवसांच्या नेहमीच्या चालवण्यात आपोआप स्थिर होतो. तो तरीही स्थिर झाला नाही, तर क्लॅम्प पुन्हा तपासा. रेडिओला सांकेतिक अंक लागत असेल, तर तो पुढच्या वेळी बॅटरी काढण्याआधी शोधून ठेवा.

प्रश्न : जुन्या बॅटरीचे दुकानदारापेक्षा दारावर येणारा भंगारवाला जास्त पैसे देतो. त्याला दिली तर काय बिघडते?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बॅटरीच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असतो, म्हणून तिला भाव मिळतो. ती अनधिकृत भट्टीत गेली, तर आम्ल गटारात किंवा ओढ्यात ओतले जाते आणि शिसे उघड्यावर वितळवले जाते. शिशाची ती वाफ आणि धूळ आसपासच्या मातीत बसते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ग्राहकानेही बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यायची आहे. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीची किंमत वजा करून देतात. दोन दरांत थोडा फरक पडतो, तो सोडून द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. दुकानापर्यंत नेताना बॅटरी उभी ठेवा, टर्मिनलांवर चिकटपट्टी लावा आणि जुनी बॅटरी जमा केल्याची नोंद नव्या बॅटरीच्या बिलावर करून घ्या.